शमुवेलतात्यांची दुसरी घंटा

मला वाट पाहता येत नाही. दूध तापत ठेवलं की ते वर येईपर्यंत मी चुलीपाशी उभी राहत नाही, म्हणून माझं दूध रोज उतू जातं. अशा बाईला नोकरी लागावी मंठ्याला, आणि तिथे तिची गाठ पडावी शमुवेलतात्यांशी, यात देवाचा काहीतरी हेतू असणार. तो मला अजून नीटसा उमगलेला नाही. उमगलं ते एवढंच, की तात्यांच्या सहनशीलतेमुळे आमच्या चर्चची एवढीशी मंडळी फुटूनही टिकली, आणि त्याच सहनशीलतेपायी तात्यांचे दोन्ही डोळे जायची वेळ आली. यातली एक गोष्ट सांगायची तर दुसरी सांगावीच लागते.

मी मूळची नगरची. तिथे उपासना नऊची म्हणजे नऊची. पाच मिनिटं उशीर झालेला माणूस मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचा. १९८३ साली मी मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून मंठ्याला आले आणि पहिल्याच रविवारी पावणेनऊला चर्चमध्ये जाऊन बसले. पत्र्याचं छप्पर, आठ बाक आणि कोपऱ्यात एक बाजाची पेटी. साडेनऊ झाले तरी आत मी आणि एक चिमणी. शेवटी बाहेर आले, तर फाटकापाशी पन्नाशीचा एक उंच, जरा वाकलेला माणूस कपाळावर आडवा हात धरून रस्त्याकडे बघत उभा होता.

"सलाम बाई," ते म्हणाले. "नव्या बाई तुम्हीच का?"

"हो. उपासना किती वाजता असते?"

"नवाला."

"साडेनऊ वाजून गेले."

"व्हय. लिदियाआजी येऊन राह्यल्या."

मी रस्त्याकडे पाहिलं. दोन शेळ्या सोडल्या तर रस्त्यावर कोणी नव्हतं. "कुठे आहेत?"

"घरी हायेत," तात्या म्हणाले. "पन निघतील."

मंठ्याच्या चर्चमध्ये घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि तो वाजवायचं काम तात्यांचं. पहिली घंटा साडेआठला, गावाला जागं करायला. दुसरी घंटा झाली की उपासना सुरू. पण दुसरी घंटा कधी वाजवायची हे घड्याळ ठरवत नसे. एकोणीस घरांतलं शेवटचं माणूस तात्यांच्या नजरेच्या टप्प्यात आलं की ती वाजायची. मंडळीला हे पाठ असल्यामुळे बाकीचे सगळे दहाला यायचे. सगळे दहाला येतात म्हणून लिदियाआजी सव्वादहाला यायच्या. त्या दिवशी दुसरी घंटा दहा वाजून वीस मिनिटांनी झाली.

तात्यांचं शास्त्र साधं होतं. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असं बायबलात प्रेषितानं मंडळीला सांगितलंय. जेवायला थांबायचं तर प्रार्थनेला का नाही? मी एकदा चिडून वेळेचं महत्त्व सांगायला गेले, तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, घाई सैतानाला असती. त्याच्यापाशी टायम कमी हाये. आपल्याला तर सार्वकालिक जीवन हाये, मंग दहा मिनिटानं काय व्हतंय?"

एका रविवारी मात्र माझा संयम सुटला. तात्या लिदियाआजींना बघायला वळणापर्यंत गेलेले पाहून मी झाडाखालची लोखंडी सळई उचलली आणि दणादणा दुसरी घंटा वाजवली. बरोबर नऊ वाजले होते. घंटा ऐकून लिदियाआजी घरून धावत निघाल्या. एका पायात चप्पल, दुसरी हातात. सत्तरीची बाई चर्चच्या पायरीवर येऊन धापा टाकत बसली आणि म्हणाली, "आज म्या सगळ्यायला ताटकळत ठिवलं का गं माय?" आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या मला रागावले नाहीत. उपासना संपल्यावर त्यांनी माझीच माफी मागितली, की सळई अशी उघड्यावर ठेवून मी तुम्हाला मोहात पाडलं. मला तर हे रागावण्यापेक्षा फार लागलं.

तात्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. म्हशीच्या पायाला पट्टी बांधणं, बैलाला खोड्यात, म्हणजे लाकडी चौकटीत, घालून धरणं, वासराला बांबूच्या नळीनं औषध पाजणं ही त्यांची कामं. मी एकदा शाळेच्या मुली घेऊन दवाखाना दाखवायला गेले होते. एक मारकी म्हैस खोड्यात शिरायला तयार नव्हती. चार माणसं ओढत होती, मागून शेपटी पिरगाळत होती. तात्यांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि म्हशीशेजारी जाऊन उभे राहिले. नुसते उभे. मधून मधून म्हणायचे, "व्हय माय. तुझंच खरं." पाऊण तासानं म्हैस कंटाळून आपणहून आत गेली. मुली तोवर दोनदा पाणी पिऊन आल्या होत्या.

हीच रीत ते माणसांना लावत. कोणी भांडायला आलं की तात्या त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे, समोर नाही. "व्हय. तुमचंच खरं," म्हणायचे, आणि माणूस दमेपर्यंत थांबायचे. भांडणारा दमला की त्याला चहा. त्यांच्या पत्नी मार्थाकाकू म्हणायच्या, "ह्यांच्या दावणीला मी तीस वर्सं हाये. माझं बी कधीच खोटं झालं न्हाई आन् माझं एक बी काम टायमावर झालं न्हाई."

हंगामाच्या उपासनेला लोक शेतातलं पहिलं पीक देवाला आणतात. कोणी ज्वारी, कोणी भोपळा, कोणी अंडी. एका वर्षी कुणीतरी बोकड आणला. त्याचं प्रीतिभोजन करायचं ठरलं आणि कापायच्या आधी तात्यांनी त्याला तपासलं. बोकडाला ताप होता. आजारी जनावर मंडळीला घालायचं नाही म्हणून तात्या त्याला घरी घेऊन गेले. तीन आठवड्यांनी बोकड बरा झाला, पण तोवर त्याला अशक्तपणा आला होता. अशक्तपणा गेला तेव्हा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला होता. उपवासकाळ सरला तेव्हा तो बोकड तात्यांच्या मागे चर्चला येऊन पायरीवर बसायला लागला होता, आणि जो दर रविवारी येतो त्याला कापायचं कसं, असा प्रश्न पडला. प्रीतिभोजनाला शेवटी वांग्याची भाजी झाली. बोकड सात वर्षांनी म्हातारपणानं वारला. महिन्यातून एकदा जालन्याहून येणारे आमचे पाळकसाहेब म्हणायचे, की हजेरी पाहिली तर या मंडळीतला सगळ्यात विश्वासू सभासद तोच.

आता मुख्य भांडणाकडे येते. आमच्या मंडळीला दोन खांब होते. एक पगारे जमादार, पोलिसातून निवृत्त झालेले, आवाज असा की चर्चचा पत्रा थरथरायचा. दुसरे निकाळजे गुरुजी, निवृत्त शिक्षक, काटकुळे, शिस्तीचे. आमच्याकडे एक जुनं गीत होतं आणि त्याला दोन चाली होत्या. एक टाळांवरची, जलद. ती जमादारांच्या वडिलांनी अंबडच्या बाजारात उभं राहून गायली होती म्हणे. दुसरी लांबलचक, संथ. ती गुरुजींच्या वडिलांना एका गोऱ्या मडमेनं शिकवली होती. दर रविवारी हे गीत लागलं की उजवीकडून जमादार जलद सुरू व्हायचे आणि डावीकडून गुरुजी संथ. जमादारांचं गीत संपायचं तेव्हा गुरुजी दुसऱ्या कडव्यात असायचे. पेटी वाजवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे जात असे, म्हणजे जमादारांच्या. त्यामुळे गुरुजी मला वर्षभर सलाम करत नव्हते.

प्रकरण हातघाईवर येऊ लागलं, तसे तात्या एका शनिवारी जमादारांकडे गेले. शेजारी उभे राहिले. "जमादार, तुमचंच खरं. पन गुरुजी थकले. एक रविवार त्यांच्या चालीत म्हना. आपन दुसऱ्याला पुढं केलं म्हून आपलं काई कमी व्हत न्हाई." जमादार तासभर गरजले आणि मग कबूल झाले. तिथून तात्या गुरुजींकडे गेले आणि हेच बोलले. गुरुजींनीही मान डोलावली. पण तात्यांनी एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही. मी नंतर विचारलं, का नाही सांगितलं? तर म्हणाले, "सांगितलं असतं तर सौदा झाला असता बाई. प्रीती व्हायला पाह्यजे व्हती."

दुसऱ्या दिवशी गीत लागलं. उजवीकडून जमादार दीर्घ श्वास घेऊन गुरुजींच्या संथ चालीत निघाले, लादलेल्या बैलगाडीसारखे. त्याच क्षणी डावीकडून गुरुजी जमादारांच्या जलद चालीत सुटले, आणि त्यांनी कुठून तरी टाळही मिळवले होते. पुढाऱ्यांनी चाली बदललेल्या पाहून त्यांच्या मागच्या लोकांनीही बदलल्या. पुन्हा दोन चाली, पुन्हा गोंधळ, फक्त बाजू उलट्या. दोघंही घामाघूम झाले होते, कारण दोघंही जिवापाड दुसऱ्याचा विचार करत होते. मी पेटी थांबवली आणि मला हसू आवरेना. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण त्यामुळे दोघांचीही खात्री पटली की समोरचा आपली टर उडवतोय.

"माझी नक्कल करून राह्यला व्हय, मास्तर?" जमादार गरजले.

"नक्कल तुम्ही केली," गुरुजी म्हणाले आणि टाळ बाकावर आदळले.

पुढच्या रविवारी जमादारांनी आपल्या अंगणात वेगळी उपासना सुरू केली. एकोणीस घरांपैकी दहा घरं चर्चमध्ये राहिली, नऊ अंगणात गेली. तात्यांनी दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दाढी करून ते दोन्ही घरी गेले आणि फक्त एक विनंती केली. फुटायचं तर फुटा, पण पेटी एकच आहे आणि वाजवणाऱ्या बाईही एकच. तेव्हा चर्चची उपासना नऊला ठेवा आणि अंगणातली अकराला. एवढी सोय दोघांनी मान्य केली.

तेव्हापासून पेटीपायी दुसरी घंटा तेवढे महिने नऊलाच व्हायची, आणि दर रविवारी साडेदहाला तात्या पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधायचे आणि बाजारातून ढकलत जमादारांकडे न्यायचे. मागून मी चालायचे, तोंड फुगवून. तात्या दोन्हीकडे बसायचे, दोन्हीकडे प्रार्थना करायचे. मग चर्चवाल्यांना वाटू लागलं, तात्या एकटेच पेटी ढकलतात, बरं दिसत नाही. म्हणून दोघंतिघं सोबतीला जायला लागले. सोबतीला गेले म्हणजे बसणं आलं, आणि बसलं की जमादारांच्या सुलोचनाबाईंचा चहा घेणं आलं. आता आपल्याकडची रीत अशी, की कोणी आपल्या दारी येऊन चहा पिऊन गेलं तर आपण त्याच्या दारी जावंच लागतं. मग अंगणवाले नऊला परतभेट म्हणून चर्चमध्ये येऊ लागले. चर्चवाल्यांनी त्या परतभेटीची परतफेड केली. तीन महिन्यांत अशी स्थिती आली, की फुटलेल्या मंडळीच्या दोन्ही भागांत तीच माणसं होती. नऊला सगळी मंडळी चर्चमध्ये, अकराला सगळी मंडळी अंगणात. भाजीवाल्या बाया विचारायच्या, "आज काई सन हाये का? दोनदा चालून राह्यले."

मंडळीत फूट उरली होती ती फक्त दोन माणसांपुरती. नऊला जमादार आपल्या अंगणात एकटे बसायचे आणि अकराला गुरुजी चर्चमध्ये एकटे बसायचे. मी तात्यांना म्हटलं, आता दोघांना सुनवा चार शब्द. तात्या म्हणाले, "नको बाई. आता ते सोता दमतील. जल्दी केली तर लाथ बसती."

पण आधी दमल्या त्या सुलोचनाबाई. मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी पावणेनऊला घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि चर्चकडे चालू लागल्या. "तीच माणसं, तेच शास्त्र, आन् चहा मात्र माझाच दरवेळी," एवढंच म्हणाल्या. बाहेर उन्हात बसण्यापेक्षा जमादार त्यांच्या मागून आले आणि उजवीकडच्या बाकावर टेकले. "ऊन व्हतं म्हून आलो," असं त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं. गीताचा निवाडा असा झाला, की एक रविवार एक चाल आणि पुढचा रविवार दुसरी. मंडळी जुळली. तात्यांनी त्या दिवशी घंटा वाजवताना सळई इतक्या जोरानं मारली की रुळाचा तुकडा झाडावरून खाली पडला.

मात्र जमादार आणि गुरुजी एकमेकांशी बोलायचे बंद झाले ते झालेच. दोघंही मंडळीचे पंच. एका टेबलाशी बसायचे आणि बोलायचे तात्यांमार्फत. अकरा वर्षं हे मी डोळ्यांनी पाहिलं.

"तात्या, सांगा त्या मास्तरला, पंखा बंद कर म्हनावं. माझं डोकं धरून राह्यलं."

तात्या वळायचे. "गुरुजी, जमादार सलाम म्हनतात. हवा जरा जास्तच गार हाये म्हनतात."

"त्यांना म्हणावं, तिकडे जाऊन बसा."

"जमादार, गुरुजी म्हनतात, तुमची तब्येत जपा."

दोघांमध्ये दोन हातांचं अंतर. दोघांना मूळचं वाक्य कानांनी ऐकू गेलेलं असायचं. तरी तात्यांचा निरोप येईपर्यंत दोघंही थांबत आणि उत्तर त्या निरोपालाच देत. मंडळीचे सगळे ठराव याच पद्धतीनं झाले, आणि खोटं कशाला बोलू, बाकीच्या गावांतल्यांपेक्षा बरे झाले.

तात्या १९९१ साली निवृत्त झाले. त्यानंतर चार-पाच वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. जालन्याला एका ट्रस्टचं फुकट शिबिर भरायचं. पहिल्या वर्षी तात्या गेले, नंबर लावला आणि संध्याकाळी तसेच परत आले. मागे उभ्या असलेल्या परतूरच्या म्हातारीला त्यांनी आपला नंबर दिला होता. "तिला सुईत दोरा ओवायचा असतो. मला काय ओवायचंय?" दुसऱ्या वर्षी नंबर गेला एका ट्रक ड्रायव्हरला, कारण त्याला दिसलं नाही तर दुसऱ्यांचे जीव जातात. हे मलाही पटलं. तिसऱ्या वर्षी मात्र त्यांनी नंबर एका अशा माणसाला दिला ज्याला काहीच झालं नव्हतं. तो नुसता सोबतीला आला होता. पण रांगेत फार वेळ उभा होता, म्हणून तात्यांना त्याचं वाईट वाटलं.

दरम्यान दुसऱ्या घंटेचे हाल सुरू झाले. एका रविवारी साडेदहा होऊन गेले तरी तात्या फाटकापाशीच. मी बाहेर गेले. लिदियाआजी वारल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि सगळी मंडळी आत बसली होती.

"तात्या, कोणाची वाट पाहताय?"

"ते काय, कोनतरी उभं हाये वळनावर. दमलं असंल. येईल सावकाश."

मी पाहिलं. वळणावर विजेचा खांब उभा होता. नवीन बसवलेला. तात्या त्याच्यासाठी अर्धा तास थांबले होते. मला हसायला यायला हवं होतं. मी फाटक धरून तशीच उभी राहिले आणि मला रडू आलं.

मी त्यांना हाताला धरून गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारली आणि मान हलवली. मोतीबिंदू इतका पिकला होता की आत दाब वाढून नस गेली होती. तो डोळा संपला. डावा त्याच वाटेवर होता. येत्या शिबिरात ऑपरेशन झालं तर नजर राहील, नाहीतर तीही जाणार. तात्या म्हणाले, "बराबर हाये. बघू." या 'बघू'चा अर्थ मला चांगला माहीत होता. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मी मंडळीपुढे उभी राहिले आणि सांगितलं, की या माणसाला शिबिराला एकटं सोडायचं नाही. जमादार उठले, "मी जातो" म्हणाले. गुरुजी उठले, "मी जाणार" म्हणाले. दोघंही माघार घ्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, चला दोघंही.

त्यानंतर तात्या सहा वर्षं जगले आणि मी त्यांना अनेकदा पाहिलं. शेवटच्या आजारपणातही पाहिलं. पण 'तात्या' म्हटलं की मला ते त्या शिबिरातलेच दिसतात, म्हणून तिथेच थांबणार आहे.

आम्ही पहाटेच्या एसटीनं जालन्याला गेलो. तात्यांना सदतीस नंबर मिळाला. तो कागद मी माझ्या पर्समध्ये ठेवला आणि पर्स छातीशी धरली. अकराच्या सुमाराला आतून "सदतीस!" अशी हाक आली. मी कागद पुढे केला. तात्या दोन पावलं चालले, थांबले आणि मागे वळले. मागे कुंभार पिंपळगावचा एक शेतकरी उभा होता.

"पाव्हनं, तुम्ही व्हा म्होरं," तात्या म्हणाले. "लांबून आल्ते तुम्ही."

शेतकरी क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याला असं बहुधा जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला वाटलं, एवढा मोठा माणूस मागे राहतो तर आपण कोण? तोही वळला आणि मागच्या बाईला म्हणाला, "माय, तू जाय आधी." बाईनं तिच्या मागच्या म्हाताऱ्याला पुढे केलं. म्हातारा म्हणाला, आधी ते पोरगं घ्या. पाच मिनिटांत सगळी रांग मागे तोंड करून उभी होती आणि प्रत्येक जण हात जोडून दुसऱ्याला विनवत होता. आतला शिपाई "सदतीस, सदतीस" ओरडून थकला. शेवटी डॉक्टर स्वतः मास्क खाली करून दारात आले. "शिबिर संपलं का?" त्यांनी विचारलं.

माझा तोल गेला. मी तात्यांना म्हणाले, तुमचं हे थांबणं आता प्रीती राहिलेली नाही, हा हट्ट आहे. तुम्ही आंधळे झालात तर तुम्हाला कोण फिरवणार? या दोन म्हाताऱ्यांचे निरोप कोण सांगणार? तुमच्यासाठी आम्हाला काही करू देणार आहात का कधी? आणखीही बरंच बोलले. सगळी रांग ऐकत होती. तात्या माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय बाई. तुमचंच खरं."

आता हा माणूस मी दमेपर्यंत इथून हलणार नाही, हे मला कळलं. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले होते.

तेव्हा माझ्या मागून आवाज आला, बारीक आणि शिस्तीचा.

"जमादार, तुम्ही खांद्याला धरा."

जमादारांनी गुरुजींकडे सरळ पाहिलं. "गुरुजी, तुम्हाला पाय झेपतील का?"

"तुम्ही धरा तर आधी."

जमादारांनी तात्यांना काखेत हात घालून उचललं. गुरुजींनी पाय धरले, पण ते होते पंचाहत्तरीचे. त्यांना एकच पाय उचलला गेला. दुसरा मी धरला. असे तात्या आडवे होऊन निघाले. रांगेनं वाट दिली.

"अहो," तात्या अधांतरी म्हणाले, "बोल्लात की तुम्ही दोघं."

"गप्प राहा तात्या," गुरुजी म्हणाले.

"बिलकुल गप," जमादार म्हणाले.

तात्यांनी अंग सैल सोडलं. खोड्यात शिरलेल्या जनावराचं अंग असंच ढिलं पडतं, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. ते हसत होते. दार बंद होईपर्यंत ते हसताना दिसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तात्यांनी ती बरोबर मोजली. मग त्यांनी डावा डोळा बारीक करून खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"बाई, केस पांढरे झाले की तुमचे."

"झाले."

"कव्हा? मला कोनी सांगितलंच न्हाई."

मी त्यांची पिशवी भरायला लागले. पलीकडे जमादार आणि गुरुजी पहाटेपासून बोलत होते. डोळ्यात औषध दिवसातून तीनदा घालायचं की चारदा, घरी न्यायला बस बरी की जीप, आणि तात्यांना मटण आजपासून चालेल की नाही. अकरा वर्षांचं सगळं तुंबलेलं होतं, ते संपायला तयार नव्हतं.

सुट्टीचा कागद मिळाला आणि आम्ही निघालो. वॉर्डाच्या दाराशी जमादार थांबले. "गुरुजी, तुम्ही व्हा पुढं."

"छे छे, जमादार. आधी तुम्ही."

"असं कसं? तुम्ही वयानं मोठे."

"पण काल सगळा भार तुम्ही उचललात. व्हा पुढे."

दोघंही दाराच्या दोन बाजूंना हात पसरून उभे. कोणी हलेना. मागे मी पिशवी घेऊन, आणि माझ्या पुढे तात्या. ते काही वेळ थांबले. आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मग त्यांनी धोतराचा सोगा हातात धरला, दोघांच्या मधून अंग चोरून बाहेर पडले आणि पायऱ्या उतरून उन्हात गेले. मी हाका मारल्या. तात्या भराभर रस्त्याकडे चालले होते. एका टपरीपाशी उभ्या असलेल्या म्हशीला त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. मग एका दुकानाची पाटी वाचली, मग पुढच्या दुकानाची. वळणापर्यंत मला त्यांची पाठ दिसली. आमच्यासाठी ते थांबले नाहीत.